दोन लाख लिटर, एक टँकर आणि एक चमचा : जहाजावरून प्लवकांचे फोटो

झिरो_माइल | शुक्रवार, रात्री १०:४२

घरी पोचले त्या दिवशी आईनं विचारलं, "मग काय काय पाहिलं समुद्रात?" थकले होते, तोंडातून निघून गेलं, "कचरा." तेव्हापासून आमची पोरगी सव्वीस दिवस समुद्रात कचऱ्याचे फोटो काढत होती, असं ती शेजारीपाजारी सांगतेय. खोटंही नाही म्हणा. खरडफळ्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी खुलासा. मी शास्त्रज्ञ नाही, प्रकल्प सहायक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अरबी समुद्रात एक मोहीम होती, तिच्यात प्लवकांचे फोटो घेणारी उपकरणं सांभाळणं हे माझं काम. जहाजाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे.

प्लवक म्हणजे पाणी नेईल तिकडे जाणारं सगळं. प्रवाहाशी झगडून आपली दिशा धरता येत नाही ते प्लवक. आकाराशी त्याचा संबंध नाही. भलीमोठी जेलीफिशही प्लवक आणि केसाच्या जाडीत वीस-पंचवीस मावतील असे जीवही प्लवक. गोची इथेच आहे. एवढा फरक असलेल्या जीवांचा फोटो एका कॅमेऱ्यात निघत नाही. त्यामुळे आमच्याकडे तीन गोष्टी होत्या.

पहिली, पाण्यात सोडायचा कॅमेरा. जहाजावरून बाटल्यांचं एक मोठं कडं तारेनं खाली सोडतात, त्याला रोझेट म्हणतात. तापमान, क्षारता मोजणारी यंत्रणा त्यातच असते. त्याच्या खालच्या अंगाला हा कॅमेरा बसवतात. लाल दिव्यांचा एक पातळ पडदा चमकतो आणि त्या पडद्यात त्या क्षणी जे असेल त्याचा फोटो निघतो. दिवा लाल का, तर खोल पाण्यातल्या बहुतेक जिवांना लाल दिसतच नाही, ते बिचकून पळत नाहीत. आमच्या सेटिंगला सेकंदाला सहा फोटो आणि एका फोटोत साधारण एक लिटर पाणी. रोझेट सेकंदाला मीटरभर खाली जातं. म्हणजे हजार मीटर जाईस्तोवर सहा हजार फोटो, सहा हजार लिटर. एप्रिलमध्ये आपल्या गल्लीत येतो ना, तो पाण्याचा एक टँकर.

दुसरी, प्रयोगशाळेत बसवलेला फ्लो कॅमेरा. जहाजाच्या पोटातून समुद्राचं पाणी पंपानं सतत वर येत असतं, त्यातला घोट घेऊन तो एका बारीक काचेच्या नळीतून एकेक कण सोडतो. कणावर लेझर पडतो. हरितद्रव्य असेल तर कण लाल चमकतो, आणि तो चमकला की कॅमेरा खटकन फोटो घेतो. दहा मायक्रॉनपासून दीडशे मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जीव यात इतके सुरेख दिसतात की पहिल्या रात्री मी जेवायला गेलेच नाही. पण पाणी किती? वीस मिनिटांत पाच मिलिलिटर. एक चमचा. चोवीस तास न थांबता चालवला तरी दोन-अडीच कप.

तिसरी, जाळं. शंभर वर्षांपूर्वीही होतं तसंच. हिंदी महासागरासाठी ठरवलेलं एक प्रमाणित जाळं आहे : तोंड एक चौरस मीटर, जाळीचं छिद्र एक तृतीयांश मिलिमीटर. ते दोनशे मीटरवरून सरळ वर ओढलं की दोनशे घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी गाळून निघतं. तेहतीस टँकर! जे विरळ असतं, हजार लिटरमागे एखादं, ते मोजण्याइतकं फक्त इथेच सापडतं.

आता रडगाणं. पाचव्या दिवशी समुद्र खवळला. फ्लो कॅमेऱ्याचं सेटिंग त्या दिवशी नुसत्या हरितद्रव्यावर नव्हतं, प्रकाश विखुरणाऱ्या कुठल्याही कणाचा फोटो घे असं होतं. पडद्यावर गोल गोल चकत्या यायला लागल्या. शेकडो, एकदम रेखीव. कॉसिनोडिस्कस नावाचा एक डायाटम (काचेसारखं कवच असलेला एकपेशी शैवाल) असतो, अगदी असाच, कंपासनं काढल्यासारखा गोल. मी धावत जाऊन मॅडमना उठवलं. रात्रीचे अडीच. त्या आल्या, चष्मा लावला, एक मिनिट पाहिलं आणि म्हणाल्या, "कवच कुठंय? नक्षी कुठंय? हे बुडबुडे आहेत." जहाजाचं नाक वर-खाली आपटत असताना पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. बुडबुडे वेगळे काढणारं भांडं निघण्याआधी मागितलं होतं, ते आलंच नव्हतं. शेवटी इंजिनरूमच्या एका फिटरदादांनी वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा कॅन कापून, वरून सांडवा ठेवून जुगाड करून दिलं. पुढचे वीस दिवस तो कॅनच चालला. त्या रात्रीची फाइल अजून माझ्याकडे आहे. नाव ठेवलंय "साबण".

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. एका सकाळी डेकवर गेले तर समुद्र हिरवा. निळसर हिरवा नव्हे. पालकाची भाजी शिजवून पाणी निथळावं तसा हिरवा, मैलच्या मैल. नॉक्टिल्युका. एकपेशी जीव, पण आकार अर्धा-एक मिलिमीटर, डोळ्यांना साबुदाण्याच्या कणीएवढा दिसतो. त्याच्या पोटात हिरवे सूक्ष्म शैवाल राहतात, म्हणून रंग. हिवाळ्याच्या अखेरीस अरबी समुद्रात हे होतं, वाचलेलं होतं. धावत फ्लो कॅमेऱ्याकडे गेले. पडद्यावर नॉक्टिल्युका एकही नाही. नळी तुंबू नये म्हणून तोंडाशी दीडशे मायक्रॉनची चाळण असते, आणि हा गडी त्याहून कितीतरी मोठा. जो जीव अख्खा समुद्र रंगवून बसला होता, त्यालाच आमच्या महागड्या यंत्रानं दारात अडवलं होतं. शेवटी दोरी बांधून बादली टाकली. पांढरी प्लॅस्टिकची, न्हाणीघरातली. त्या दिवशीचा आमचा सगळ्यात चांगला नमुना त्या बादलीतला.

तेव्हापासून कुठलाही फोटो पाहिला की मी आधी विचारते, चाळण कुठली होती? वर काय अडकलं आणि खालून काय निसटलं? फोटोत काय आहे ते नंतर.

सध्या ही चित्रं हातानं निवडत बसलेय, त्यातली चार देतेय. चित्र १ : कोपेपॉड, म्हणजे झिंग्याचा इवलासा नातेवाईक, लांब मिशांचा, पाण्यातल्या कॅमेऱ्यातून. चित्र २ : मळकट कापसाचा पुंजका, आईच्या भाषेत कचरा. चित्र ३ : डायाटमची साखळी, फ्लो कॅमेऱ्यातून. चित्र ४ जाळ्यातल्या नमुन्याचं आहे, किनाऱ्यावर आल्यावर स्कॅनरवर काढलेलं. आमच्या सॉफ्टवेअरनं त्याला बेधडक "कोपेपॉड" म्हटलंय. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही. ओळखा पाहू.

तर्रीबाज | शुक्रवार, रात्री ११:१०

लय भारी लिवलं ताई. पण नागपूरच्या पोट्टीनं समुद्रावर जाऊन टँकरच मोजला, हे वाचून ऊर भरून आला बाप्पा. चित्र ४ म्हंजे संत्र्याच्या फोडीवरची साल दिसून रायली मले. नाही तं झिंगा. लॉक करा.

आभा_धंतोली | शुक्रवार, रात्री ११:३१

मस्त! माझ्या मुलाला (सातवी) दाखवलं. त्याचं चित्र ४ साठी उत्तर : "त्या पहिल्या प्राण्याचं भूत." मी हसले, पण तो ठाम आहे. एक शंका, इथे नागपुरात मुलांना हे असं काही बघता येईल का? समुद्र तर नाही आपल्याकडे.

शंकासुर | शनिवार, सकाळी ७:०५

लेख छान आहे, पण एक रोखठोक प्रश्न. एक जहाज दिवसभर चालवायला किती डिझेल लागत असेल याची कल्पना आहे. एवढा खर्च करून हाती काय, तर मळक्या कापसाचे फोटो. यातून सामान्य माणसाला काय मिळतं? रागावू नका, खरंच विचारतोय.

मिहान_कोडर | शनिवार, सकाळी ९:२०

मी इमेज क्लासिफिकेशनवर, म्हणजे फोटोत काय आहे ते संगणकाला ओळखायला शिकवण्यावर काम करतो (माल वेगळा, गोदामातले खोके). प्लवकांचा डेटा आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. २०१४ च्या डिसेंबरात कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर एक स्पर्धा सुरू झाली होती, अमेरिकेतल्या ओरेगनच्या लोकांनी ओढत्या कॅमेऱ्यानं घेतलेल्या चित्रांची, १२१ वर्ग. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या पोरांनी जिंकली, कन्व्होल्युशनल नेटवर्क (चित्रं ओळखायला शिकणारी संगणक-प्रणाली) वापरून. मग दहा वर्षांनंतरही तुम्ही लोक हातानं चित्रं का निवडताय? आजची मॉडेल्स पंच्याण्णव टक्के अचूकता सहज देतात. एखाद्या रविवारी मी करून देतो.

झिरो_माइल | शनिवार, दुपारी १:१५

एकेकाला उत्तर देते.

शंकासुर, रागावत नाही, हाच प्रश्न बाबांनीही विचारला. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळपास निम्मं समुद्रातले हे सूक्ष्म जीव करतात. ते मेले, खाल्ले गेले, विष्ठा झाली की सगळं एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि खाली बसायला लागतात. इंग्रजीत त्याला मरीन स्नो म्हणतात; आपल्याला बर्फ ठाऊक नाही, सावरीचा कापूस उडतो तसं समजा. हवेतला कार्बन खोल समुद्रात जायची ही एक मोठी वाट. चित्र २ तेच. आणि गंमत बघा, हे पुंजके जाळ्यात येतच नाहीत, हात लागताच विरघळतात. वर्षानुवर्षं जाळी ओढली, पुंजके मोजायचे राहूनच जात होते. त्यामुळे "कचरा" मोजणं हे त्या कॅमेऱ्याचं दुय्यम काम नाही, मुख्य काम आहे. माझ्या चित्रांतली दहातली आठ-नऊ अशीच आहेत.

दुसरं उदाहरण. ऱ्हायझेरिया म्हणून नाजूक एकपेशी जीव आहेत, काही काही मिलिमीटरभर मोठे, काचेच्या काड्यांसारखे. जाळ्यात त्यांचा चुरा होतो. २०१६ साली पाण्यातल्या कॅमेऱ्यांची जगभरची चित्रं एकत्र करून एक अभ्यास आला, तेव्हा कळलं की हे जीव समजलं जात होतं त्यापेक्षा खूपच जास्त आहेत. जाळं त्यांना मारून गायब करत होतं आणि मग आपणच म्हणत होतो, नाहीत.

मिहान_कोडर, रविवारचा प्रस्ताव मी जपून ठेवलाय! पण दहातले नऊ पुंजके असतील तर प्रत्येक चित्राला डोळे मिटून "पुंजका" म्हणणारं मॉडेलही नव्वद टक्के अचूक ठरेल. आम्हाला हवे असतात ते उरलेले. त्यातही कोपेपॉड भरपूर, आणि माशाची अळी सगळ्या मोहिमेत मिळून एका हाताच्या बोटांवर. दुसरं असं, भूमध्य समुद्रातल्या चित्रांवर शिकलेलं मॉडेल अरबी समुद्रात आणलं की चुका करतं. कॅमेरा वेगळा, प्रकाश वेगळा, जीव वेगळे. मॉडेल आम्ही वापरतोच, ते ढोबळ ढीग करून देतं. मग तो ढीग माणसानं निवडायचा, तांदळातले खडे निवडतात तसा. माझं खरं काम जहाजावरचं नाहीच, हे आहे. सहा महिने झाले, अजून संपलेलं नाही.

आभाताई, सांगते, पण त्याआधी इथले एक सर काही बोलतात का पाहू. ते वाचतायत हे मला ठाऊक आहे :)

देवगडी | शनिवार, संध्याकाळी ६:४०

आमच्याकडे किनाऱ्यावर अधूनमधून रात्री लाटा निळ्या चमकतात, हल्ली पर्यटक खास ते बघायला येतात. तो तुझा हिरवावाला हाच का? आणि एक सांग, बाबा म्हणतात की तारली मासळी ज्या वर्षी येते त्या वर्षी ढीगभर येते, नाहीतर नाहीच. त्याचा यात काही संबंध?

झिरो_माइल | शनिवार, संध्याकाळी ७:१०

चमकणारा बहुतेक वेळा नॉक्टिल्युकाच असतो. हिरवं शैवाल पोटात नसलेलाही त्याचा एक प्रकार आहे, तो लालसर दिसतो. तारलीचं खाणं म्हणजे मुख्यतः डायाटम आणि इतर प्लवक, त्यामुळे संबंध नक्की आहे. पण "इतके डायाटम म्हणजे इतकी तारली" असा सरळ हिशोब कुणाला जमलेला मी पाहिलेला नाही. पाऊस, प्रवाह, मासेमारी सगळंच मधे येतं. बाबांना नमस्कार सांग.

बजाजनगरचा_मास्तर | शनिवार, रात्री ९:५५

झिरो_माइल, तू बोलावलंस म्हणून आलो. चाळीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली पस्तीस नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या वासात गेली. समुद्रावर एकदाही गेलो नाही. माझा समुद्र म्हणजे नागपूरचा अंबाझरी तलाव.

तू जे यंत्रांबद्दल लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे बोल्टिंग सिल्कचं, म्हणजे बारीक विणीच्या रेशमाचं, छोटं जाळं असे, घरी शिवलेलं. पन्नास लिटर पाणी बादलीनं मोजून त्यातून ओतायचं, उरलेला घोट बाटलीत. मग सेज्विक-राफ्टर नावाची काचेची चौकट : पन्नास मिलिमीटर लांब, वीस रुंद, एक खोल. बरोबर एक मिलिलिटर मावतं. एक डोळा सूक्ष्मदर्शकात, एक हात काउंटरवर, टक टक टक. विद्यार्थी मोजत, मी अचानक जाऊन पुन्हा मोजत असे. दोन माणसांचे आकडे कधीही जुळले नाहीत. यंत्र चुकतं म्हणून आज तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि मोजायचा हा हट्ट फार जुना. प्लँक्टन हा शब्दच मुळी व्हिक्टर हेन्सेन या जर्मन माणसानं १८८७ साली रूढ केला, आणि दोनच वर्षांनी तो जहाज घेऊन अटलांटिकवर गेला तो प्लवक मोजायलाच. पुढे ॲलिस्टर हार्डी यांनी व्यापारी जहाजांच्या मागे ओढायची एक पेटी केली, आत रेशमाची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते आणि प्लवक तिच्यावर दाबले जातात. १९३१ पासून ते सर्वेक्षण चालू आहे, आणि रेशमाची जाळी अजून तीच, २७० मायक्रॉनची. मुद्दाम बदलत नाहीत. चाळण बदलली तर मागचे आकडे आजच्या आकड्यांशी कसे ताडणार? आपल्याकडे साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तिचे नमुने कोचीच्या केंद्रात येत. तिथे माणसं वर्षानुवर्षं बसून बाटल्यांतून हातानं जीव वेगळे करत होती. तुझे सहा महिने काहीच नाहीत, पोरी.

चाळणीवरून आठवलं. विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून प्या, असं आमची आजी बजावायची. कारण नारू, पायातून बाहेर येणारा दोऱ्यासारखा जंत. नारूच्या अळ्या ज्याच्या पोटात वाढत तो सायक्लॉप्स हा कोपेपॉडच, तुझ्या चित्र १ चा गोड्या पाण्यातला भाऊबंद. फडक्यातून तो पार होत नसे. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला त्यात त्या फडक्याचा वाटा मोठा आहे. बांगलादेशात तर जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला लावलं आणि पटकी (कॉलरा) निम्म्यावर आली, कारण पटकीचे जंतू कोपेपॉडच्या अंगाला चिकटून फिरतात. २००३ साली ते छापून आलं. ही साडीसुद्धा प्लवकांचं जाळंच, फक्त ओढायच्या ऐवजी हंड्यावर बांधलेलं.

आता चित्र ४. मोबाइलवर पाहतोय, डोळे ताणावे लागतात. मला मोठं करून पाठव. माझ्या मनात एक आहे, पण खात्रीशिवाय बोलणार नाही.

तर्रीबाज | शनिवार, रात्री १०:२०

सर, दंडवत. मी ज्या पाण्यानं चहा करून रायलो त्यात बी असे पोट्टे आहेत का हो? सांगू नका. नकोच.

झिरो_माइल | शनिवार, रात्री १०:४८

सर, मूळ फाइल मेलवर टाकली आहे. २४०० डीपीआय.

शंकासुर | रविवार, सकाळी ८:१२

कार्बनचा भाग पटला. साडीचा त्याहून जास्त. माझ्या आजोळी नारू झालेला माणूस मी लहानपणी पाहिलाय, काडीवर गुंडाळत होते. पुढे विचारत नाही.

मिहान_कोडर | रविवार, सकाळी १०:३०

पुंजक्यांचा मुद्दा मान्य, अचूकतेचा आकडा फेकला ही चूक. वर्गवार पाहायला हवं. एक विचारू? पुंजका आणि जीव यांच्या सीमेवरची जी चित्रं आहेत, त्यांवर दोन तज्ज्ञ तरी एकमत होतात का? नसतील, तर मॉडेलला आपण शिकवतोय तरी काय?

बजाजनगरचा_मास्तर | रविवार, सकाळी ११:४०

मिहानकर, तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून चित्र ४ च घेऊ. मोठं करून पाहिलं, नातवाच्या लॅपटॉपवर.

बाह्यरेषा कोपेपॉडची, त्यात वाद नाही. मिशा आहेत, पाय आहेत, शेपटीचे केस आहेत. यंत्रानं बाह्यरेषाच पाहिली असावी. आता आत पाहा. चित्र १ मध्ये शरीराच्या मधोमध काळपट पट्टा आहे, ते आतडं, आणि दोन्ही बाजूंना स्नायूंची छाया. चित्र ४ मध्ये यातलं काहीच नाही. आरपार सारखाच फिका रंग. मेलेला प्राणी म्हणावा तर आत कुजलेला गर कुठे तरी गोळा झालेला दिसला असता. तोही नाही. रिकामी खोळ.

ही कात आहे. कोपेपॉड अंड्यातून निघाल्यापासून प्रौढ होईपर्यंत अकरा वेळा कात टाकतो. प्रौढ झाला की बंद. म्हणजे एका प्राण्याच्या आयुष्यात अकरा रिकाम्या खोळी पाण्यात सुटतात आणि त्यातल्या काही तुझ्या जाळ्यात येतात. प्रत्येकीला "कोपेपॉड" म्हणून मोजलंस तर तुझ्या समुद्रात जेवढे प्राणी आहेत त्याहून जास्त दिसतील, आणि कदाचित जिथे पिल्लं झपाट्यानं वाढतायत तिथे सगळ्यात जास्त.

आभाताई, तुमच्या चिरंजीवांना माझ्याकडून संत्रा बर्फी. पहिल्या प्राण्याचं भूत, हे उत्तर इथल्या कुणापेक्षाही जवळचं होतं.

आभा_धंतोली | रविवार, दुपारी १२:०५

सर, तो घरभर नाचतोय. आता ऐकणार नाही, त्याला स्वतः बघायचंय. कसं करू ते सांगा.

बजाजनगरचा_मास्तर | रविवार, दुपारी १२:५०

सोपं आहे. फुटाळा तलाव चालेल, अंबाझरी चालेल, पायऱ्यांवरून वाकून. पाण्यात उतरायचं नाही आणि मूल एकटं सोडायचं नाही. जुनी नायलॉनची ओढणी तारेच्या कड्यावर शिवा, खाली तोंड कापलेली छोटी बाटली बांधा. दहा-बारा बादल्या पाणी त्यातून ओता, तळाचा घोट घरी आणा. पांढऱ्या बशीत घेऊन बाजूनं टॉर्च मारा. झटके देत पोहणारे ठिपके म्हणजे सायक्लॉप्स, टुणटुण उड्या मारणारे डॅफ्निया. फोल्डस्कोप नावाचा कागदाचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम, मोबाइलचा कॅमेरा त्याला चिकटवता येतो. मनू प्रकाश यांचं ते डिझाइन. त्यांच्याच गटानं रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालणारं, प्लवकांचे फोटो घेणारं प्लँक्टोस्कोप पण केलंय, आराखडा सगळ्यांना खुला, मिहानकरांनी रविवारी ते करावं.

आणि हो. किती बादल्या ओतल्या ते त्याला वहीत लिहायला लावा. हे विसरला तर बर्फी परत घेईन.

देवगडी | रविवार, दुपारी २:२०

आणि कोण म्हणतं नागपुरात समुद्र नाही? नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला. फुटाळ्यावर हात धुतलात की थेट बंगालच्या उपसागरात. आमच्या बाजूला नाही आलात एवढंच.

तर्रीबाज | रविवार, दुपारी २:४५

नाग नदीचं पाणी समुद्रात जाते म्हंता, तं समुद्राचीच काळजी वाटून रायली मले.

झिरो_माइल | सोमवार, रात्री ९:३०

सर, काल रात्रीच बसले. "कोपेपॉड" ढिगाचं पहिलं पान उघडलं, एका पानावर शंभर चित्रं असतात. आता काय शोधायचं ते ठाऊक होतं, तर पहिल्याच पानावर चार काती निघाल्या. गेल्या सहा महिन्यांत ते पान मी निदान तीनदा डोळ्यांखालून घातलं असेल. प्रत्येक वेळी मिशा दिसल्या की पुढे.

मिहान_कोडर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच. मॉडेलला मीच शिकवलं होतं, आणि मी जे पाहत नव्हते ते त्यानंही पाहिलं नाही. आता वेगळा वर्ग करून सगळा ढीग पुन्हा निवडतेय. दोनेकशे काती जमल्या की तुमचा रविवार मागते.

वर्ग तयार करताना घाईत नाव मराठीतच टाइप झालं, "कात". आमच्या मॅडम केरळच्या. आज सकाळी त्यांचा निरोप होता, यादीत हा नवा प्राणी कुठला आला, आणि याचं शास्त्रीय नाव का लिहिलेलं नाही?

बजाजनगरचा_मास्तर | सोमवार, रात्री १०:०२

त्यांना सांग, नागपुरी आहे.